पहिली आंघोळ गाडीची

लग्न होऊन कोपरगावजवळच्या वस्तीवर राहायला आले, तेव्हा या घरात दोन गोष्टींचा मान माझ्यापेक्षा मोठा आहे हे मला आठच दिवसांत कळलं. एक सासूबाईंचं देवघर आणि दुसरी सासऱ्यांची मोटार. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे आणि सासऱ्यांना मामंजी. देवघराला हात लावायचा तर आंघोळ करून, आणि गाडीला हात लावायचा तर मामंजींना विचारून. मी दोन्ही नियम निमूट पाळले. सुनेला नोकरी करू देणारं सासर मिळालं म्हणून मी तेव्हा इतकी भारावलेली होते की त्यांनी तिसरा नियम काढला असता तर तोही पाळला असता. आता आठवलं की माझं मलाच हसू येतं.

नोकरी गावातल्या मुलींच्या शाळेत होती, विज्ञान शिकवायची. आमची वस्ती कालव्याच्या कडेला, शाळा तिथून चार मैल. माझे यजमान राहुरीला नोकरीला, ते शनिवारी यायचे आणि सोमवारी पहाटे जायचे. तेव्हा सुनेला सकाळच्या शाळेला पोचवायचं कोणी, असा प्रश्न निघाला. मामंजींनी तो निघण्याआधीच सोडवून ठेवला होता. सून सायकलवर जाणार नाही, टांग्यात बसणार नाही, ती गाडीतून जाईल आणि गाडी मी चालवीन, असं त्यांनी जाहीर केलं. यात सुनेचं कौतुक किती आणि रोज सकाळी गाडी बाहेर काढायला मिळालेलं निमित्त किती, याच्या खोलात मी शिरले नाही.

मामंजी सत्तरीला टेकले होते. उसाचा सगळा कारभार माझ्या मोठ्या दिरांनी हातात घेतला होता. ते साखर कारखान्यात अधिकारी, राहायला कारखान्याच्या कॉलनीत, आणि जीप घेऊन वस्तीवर येऊन हुकूम सोडून जायचे. पाटाचं पाणी कधी घ्यायचं, खत कुठलं टाकायचं, हे मामंजींना आता कुणी विचारत नव्हतं. त्यांच्या हातात अजून काही उरलं होतं तर ते त्या जुन्या हिरव्या गाडीचं स्टिअरिंग. धोतर, बंद गळ्याचा कोट, कानाला मफलर आणि मफलरवर टोपी अशा थाटात ते गाडीत बसले की दहा वर्षांनी लहान दिसायचे.

ही गोष्ट बाहत्तरच्या दुष्काळाच्या आदल्या हिवाळ्यातली. दिवाळी सरली, भुरभुर धुकं पडायला लागलं आणि गाडीनं अंग काढून घेतलं. सुरू व्हायची, पण तापायची नाही. आधीच्या हिवाळ्यांत म्हणे कालव्याच्या पुलापर्यंत गेलं की इंजिन गरम व्हायचं, मग गार इंजिनाला जादा पेट्रोल देणारा चोक आत ढकलला की झालं. आता चोक आत ढकलला रे ढकलला की गाडी खोकायची, दोन आचके द्यायची आणि बंद पडायची. म्हणून शाळेपर्यंत चोक बाहेर ओढलेलाच. मागून काळा धूर निघायचा, पुढं बसलेल्या माझ्या लुगड्याला पेट्रोलचा वास लागायचा. मी वर्गात शिरले की मुली नाक मुरडायच्या आणि मी फळ्याकडे तोंड करून तारीख लिहायचे.

उपाय सुचवणाऱ्यांना तोटा नव्हता. आमच्या भागात ज्याच्या विहिरीवर डिझेल इंजिन आहे तो माणूस स्वतःला मोटारींचा डॉक्टर समजतो, आणि विहिरीवर इंजिन सगळ्यांच्याच होतं. कुणी म्हणालं प्लग काळे झालेत. ते घासले. कुणी म्हणालं पेट्रोलमध्ये रॉकेल आहे. मग आत्याबाईंच्या श्रीखंडाच्या फडक्यातून पेट्रोल गाळलं गेलं, आणि पुढच्या गुढीपाडव्याला आमच्याकडे श्रीखंड झालं नाही. कुणी बॅटरीला नावं ठेवली. आत्याबाईंचं निदान असं की गाडीला दृष्ट लागली. त्यांनी बंपरला लिंबू-मिरची बांधली आणि रोज पूजा झाल्यावर देवापुढच्या उदबत्तीच्या पितळी घरात एक उदबत्ती जास्तीची लावून, गाडी नीट चालू दे म्हणून हात जोडायला सुरुवात केली. रात्री बॉनेटवर घरातली सगळ्यात जाड गोधडी पडायला लागली. ती माझी होती.

एवढ्यानं भागेना तेव्हा मामंजींनी बंब गाठला. पहाटे बंब पेटला की पहिलं कढत पाणी दोन बादल्या भरून गाडीच्या जाळीत, म्हणजे रेडिएटरमध्ये, ओतायचं. पहिली आंघोळ गाडीची, दुसरी देवांची, तिसरी मामंजींची, आणि मी जायचे तोवर बंबात राख आणि कोमट पाणी. मी एकदा तक्रारीचा सूर लावून पाहिला. आत्याबाई म्हणाल्या की शाळेत तुलाच जायचंय ना.

मोठ्या दिरांचं निदान मात्र निराळं होतं. त्यांच्या मते गाडीला काहीच झालेलं नव्हतं, आबांचं, म्हणजे मामंजींचं, वय झालं होतं. आबांचा पाय आता क्लचवर ठरत नाही, आबांना चोक कधी आत घ्यायचा ते कळत नाही. ते हे सगळ्यांना सांगायचे, फक्त आबांना सांगायचे नाहीत, आणि सांगताना आवाज एवढा की ओसरीवर बसलेल्या आबांना शब्दन् शब्द ऐकू जावा. मामंजी तेव्हा पंचांग चाळत बसायचे. त्या महिन्यात त्यांनी जेवढं पंचांग पाहिलं तेवढं गावच्या भटजींनीही पाहिलं नसेल.

मग फाटकाचा प्रसंग घडला. स्टेशनाजवळचं रेल्वेचं फाटक पडलं होतं, आम्ही थांबलो, आमच्यामागं उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली. मालगाडी गेली, फाटक उघडलं आणि आमची गाडी बरोबर रुळांच्या अलीकडे बंद पडली. मामंजींनी स्टार्टर मारला, पुन्हा मारला. पेट्रोलचा वास नाकात बसला पण इंजिन काही उठेना. मागच्या गाड्यांवरची पाथर्डीकडची तोडणीची माणसं उतरली. त्यातली एक म्हातारी बाई काचेशी वाकून अगदी मायेनं म्हणाली, "बाबा, तुमी बसा निवांत, आमी ढकलतो."

आणि त्यांनी ढकललं. पोरं हसत होती, फाटकवाला झेंडी गुंडाळत बघत होता, आणि मामंजी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून सरळ समोर बघत होते. एरवी ओळखीचा माणूस दिसला की ते हॉर्न वाजवायचे. त्या दिवशी सगळा रस्ता ओळखीचा होता आणि हॉर्न वाजला नाही. मला फार वाईट वाटलं. त्याहून जास्त राग आला, पण तो कुणावर काढावा ते कळेना.

बातमी आमच्याआधी कारखान्यात पोचली. संध्याकाळी दीर आले आणि या वेळी त्यांनी आवाज न चढवता निकाल दिला. संक्रांतीपासून ड्रायव्हर येईल, आबांनी मागं बसायचं. जेवताना त्यांनी दुसरी भाकरी घेतली नाही आणि आत्याबाईंनी आग्रह केला नाही. संक्रांत बारा दिवसांवर होती.

आता माझ्या रागाला काम मिळालं. मी विज्ञान शिकवणारी बाई, आणि इंजिन का तापत नाही याचा मी स्वतः एक दिवसही विचार केला नव्हता. सगळे पुरुष सांगताहेत म्हणून मी गोधडी देऊन मोकळी झाले होते. दुसऱ्या दिवसापासून मी गाडीत बसून नुसतं लक्ष ठेवलं. बंबाचं कढत पाणी घेतलेली गाडी वस्तीतून झोकात निघायची. पुलापर्यंत उत्तम. पुलानंतर कालव्याच्या कडेनं गार वारा लागला की कुरकुर सुरू, आणि दुसऱ्या मैलावर पुन्हा चोक. म्हणजे आम्ही तापवून दिलेलं इंजिन चालता चालता गार होत होतं. जगातलं प्रत्येक इंजिन चालून तापतं आणि आमचं चालून निवतं, ही साधी गोष्ट दोन महिने कुणाच्या ध्यानात आली नव्हती.

त्या शनिवारी यजमान आले नव्हते. रविवारी मी मामंजींना म्हटलं, बॉनेट उघडा, मला आत हात लावून बघायचंय. मामंजी दचकले. या घरात बॉनेट त्यांच्याशिवाय कुणी उघडलं नव्हतं, दिरांनीसुद्धा.

"हात पोळंल, सूनबाई," ते म्हणाले.

"मामंजी, पोळत नाही हेच तर दुखणं आहे."

ते उठले आणि त्यांनी बॉनेट उघडलं.

इंजिनात तापलेलं पाणी जाळीकडे जातं, तिथं वाऱ्यानं निवतं आणि परत इंजिनात येतं, एवढं मला ठाऊक होतं. इंजिनाच्या डोक्यावरून जाळीकडे जाणारा रबरी पाइप मुठीत धरून मी उभी राहिले आणि मामंजींना गाडी सुरू करायला सांगितलं. मिनिटाभरात पाइप कोमट झाला. दहा मिनिटांनी तो तेवढाच कोमट होता. पंधरा मिनिटांनीही. पाणी पहिल्या क्षणापासून जाळीत फिरायला जात होतं आणि निवून परत येत होतं. चुलीवरच्या भांड्यातलं पाणी कुणी सारखं बदलत राहिलं तर ते उकळणार कधी? पण हे पाणी सुरुवातीला अडवायला तिथं काहीतरी असायला हवं होतं, आणि ते काय ते मला माहीत नव्हतं. गाडीचं पुस्तक आहे का म्हणून मी विचारलं.

पुस्तक होतं. पण ते लाल रेशमी फडक्यात बांधून ट्रंकेत ठेवलेलं, आणि दरवर्षी दसऱ्याला पाट्यावर मांडून गाडीबरोबर पूजलं जायचं. आमच्याकडे गाडीच्या पुस्तकाचा उपयोग तेवढाच. इंग्रजी असल्यामुळे ते कुणी उघडलं नव्हतं आणि पूजेतलं असल्यामुळे कुणी उघडायची हिंमतही केली नव्हती. मी उघडलं तर आतून अक्षता पडल्या. हळदकुंकवानं पानं एकमेकांना चिकटलेली. चहाच्या आधणाच्या वाफेवर धरून मी ती एकेक सोडवली, आणि शेजारी बसून आत्याबाई गणपती, मारुती अशी जमेल तेवढ्या देवांची माफी मागत राहिल्या.

इंजिन थंड ठेवण्याच्या प्रकरणात ते चित्र होतं. पितळेची एक गोल चकती, तिच्याखाली घड्या घड्यांची डबी, मधोमध एक झाकण आणि कडेला बारीक भोक. नाव थर्मोस्टॅट. इंजिनातून जाळीकडे जाण्याच्या वाटेवर बसवलेलं हे दार. पाणी गार आहे तोवर बंद राहायचं, पाणी तापलं की आपोआप उघडायचं. मी वाचत होते आणि मनात म्हणत होते की ही वस्तू आपण पाहिलेली आहे. कुठं तरी रोज पाहतो. कडेच्या भोकात काहीतरी खोचलेलं असतं.

उदबत्ती. त्यात उदबत्ती खोचलेली असते.

मी पुस्तक तसंच उघडं घेऊन देवघराच्या उंबऱ्यापाशी गेले. अन्नपूर्णेच्या शेजारी, राखेनं माखलेलं, ते पितळी घर ठेवलेलं होतं. आत्याबाई रोज सकाळी गाडी नीट चालू दे म्हणून हात जोडत होत्या, ते गाडी नीट चालवणाऱ्या वस्तूपुढंच. मी उंबऱ्यावर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. सुनेला काय झालं म्हणून दोघं धावत आले.

मग उलगडा झाला. वैशाखात लग्नाला जाताना गाडीत नऊ माणसं कोंबली होती, जाळीत पाणी कमी होतं आणि संगमनेरपलीकडच्या घाटात गाडी उकळली. रस्त्यावरच्या मिस्त्रीनं हा भाग काढला. मामंजी म्हणाले, मिस्त्रीचं म्हणणं पडलं की हे थंड मुलखातलं सामान, आपल्याकडं याचं काय काम. मामंजी खिळासुद्धा टाकून न देणारे, त्यांनी ती वस्तू कोटाच्या खिशात घालून घरी आणली. कोट धुवायला टाकताना ती आत्याबाईंना सापडली. पितळेची, कमळासारखी, कडेला भोक. त्यांनी ती चिंचेनं घासली आणि देवापुढं ठेवली. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, गाडी झकास चालली. थंडी पडेपर्यंत वैशाखातलं कुणाला आठवायचं कारणच नव्हतं.

पण आत्याबाई ती वस्तू देईनात. आठ महिने देवाफुडं हाय त्ये, आता इंजनात घालून त्याला त्याल फासायचं व्हय, असा त्यांचा सवाल. मी वाद घातला नाही. एवढंच म्हटलं की ते अजून चालतंय का ते आधी बघू, चालत नसेल तर देवापाशीच राहू दे. पातेल्यात पाणी घेतलं, चुलीवर ठेवलं आणि थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून आत सोडला. आम्ही तिघं पातेल्यात डोकावून उभे. पाणी कोमट झालं, काही नाही. वाफ यायला लागली, काही नाही. मामंजी आणखी खाली वाकले. आणि मग ते झाकण हळूहळू वर उचललं गेलं, अगदी आपलं आपण. गार पाण्यात टाकलं तर पुन्हा मिटलं.

आत्याबाईंनी हात जोडले. "जागृत हाय," त्या म्हणाल्या, आणि परवानगी दिली. उदबत्तीसाठी अर्धं केळं ठेवलं.

दुपारभर आम्ही सासरा-सून बॉनेटखाली वाकलो होतो. पाना मामंजींनी चालवला, आणि त्या हातांना कंप वगैरे काही नव्हता हे मी जवळून पाहिलं. माझ्या जर्नलच्या पुठ्ठ्याचं पॅकिंग कापलं. दार बसवण्याआधी आत्याबाईंनी त्याला कुंकवाचं बोट लावलं. ते पुसू नका असं त्यांनी बजावलं, त्यामुळे ते तसंच आत गेलं. दिरांना काही कळवायचं नाही असं मामंजींनी सांगितलं. मला ते आवडलं, कारण मलाही कळवायचं नव्हतं.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी दीर ड्रायव्हरला घेऊनच आले. खाकी कपड्यातला, मिशीवाला, शांत माणूस. तो गाडीच्या पुढच्या दाराशी गेला तर मामंजी आधीच आत बसलेले.

"पावनं, मागं बसा," मामंजी म्हणाले. "आदी रस्ता बघून घ्या."

ड्रायव्हरनं दिरांकडे पाहिलं. दिरांनी मान हलवली आणि तेही त्याच्याशेजारी मागं बसले, बहुधा गाडी कुठं बंद पडते ते बघायला. थंडी चांगली कडक होती. त्या दिवशी बंबाचं पाणी गाडीला दिलेलं नव्हतं, मी तीन तांबे कढत पाण्यानं आंघोळ केलेली होती. पूल आला. मामंजींनी चोक आत ढकलला. गाडी खोकली नाही. दुसरा मैल गेला, कालव्याचा वारा लागला, इंजिन आपलं गुणगुणत होतं.

फाटक नेमकं पडलेलं. मागं उसाच्या गाड्या लागल्या. मालगाडी एवढी लांब की संपता संपेना. फाटक उघडलं तेव्हा मामंजींनी काय करावं? त्यांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं. त्यांनी कोटाची कॉलर नीट केली, सावकाश आरशात दिरांकडे पाहिलं आणि स्टार्टर मारला. एका झटक्यात गाडी सुरू झाली. रूळ ओलांडून गेल्यावर फाटकवाल्यासाठी त्यांनी हॉर्न वाजवला, आणि पुढं बाजारपेठ संपेपर्यंत तो वाजतच राहिला.

दीर कारखान्याच्या वळणावर उतरले. जाताना म्हणाले की गाडी बरी चाललीय. ड्रायव्हरनं विचारलं, मग मी काय करू? तोही तिथंच उतरला.

आम्ही शाळेशी पोचलो तर पंधरा मिनिटं लवकर. फाटकाला अजून कुलूप होतं. मामंजी गाडीतून उतरले, समोर गेले, गोधडी नसलेल्या बॉनेटवर त्यांनी दोन्ही तळहात ठेवले आणि मला बोलावलं.

"त्यो मिस्त्री नको म्हनत हुता," ते खालच्या आवाजात म्हणाले. "पानी भरा, तेवढं बास हाय म्हनला. मीच त्येला म्हनलो, काड." बॉनेटवरून हात फिरवत म्हणाले, "आनि मला वाटाया लागलं हुतं सूनबाई, गाडी न्हाई, मीच बिगाडलोय."

मी वह्या टपावर ठेवल्या आणि त्यांच्या शेजारी उभी राहून माझेही हात बॉनेटवर टेकले. ते चांगलं तापलं होतं. शाळेचा शिपाई किल्ली घेऊन येईपर्यंत आम्ही तसेच हात शेकत उभे होतो.